शाल नको, खुर्ची द्या

महाराष्ट्रात पाण्याचा तुटवडा पडेल, कांद्याचा पडेल, सन्मानाचा पडणार नाही. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, आणि ते हातात देताना फोटोग्राफरकडे बघणारे चार पाहुणे. जीवनगौरव पुरस्कार हल्ली चाळिशीतच मिळतो. पुढचं जीवन कशावर काढायचं, ते मात्र मानपत्रात लिहिलेलं नसतं.

एवढा सन्मान वाटून उरतो किती, हे बघायचं असेल तर कुठल्याही सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी जा. शिल्लक शून्य.

खिडकी अशा उंचीवर असते की ताठ उभं राहून आतल्याशी बोलताच येत नाही. कमरेत वाकायचं, मान तिरकी करायची आणि तोंड जाळीच्या भोकाशी न्यायचं. सुताराची चूक, असं सांगतात. सगळ्या राज्याला एकच सुतार मिळाला होता का?

आत खुर्ची आहे, बाहेर नाही. लोकशाहीत मालक बाहेर उभा असतो.

हे आठवायचं कारण येवला. नाशिक जिल्ह्यातल्या या गावाची ओळख कुणालाही विचारा. पैठणी, संक्रांतीचे पतंग, तात्या टोप्यांचं जन्मगाव, अशा तीन गोष्टी धडाधड येतात. चौथी सांगण्याआधी माणूस क्षणभर थांबतो, समोरचा कोण आहे याचा अंदाज घेतो आणि मग बोलतो. किंवा बोलत नाही.

चौथी ओळख १३ ऑक्टोबर १९३५ ची. त्या दिवशी येवल्यात दलित वर्गांची परिषद भरली. अमृतराव रणखांबे स्वागताध्यक्ष, समोर सुमारे दहा हजार माणसं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्माला येणं माझ्या हातात नव्हतं, पण हिंदू म्हणून मी मरणार नाही. देशभरातल्या भल्याभल्यांची झोप उडाली.

झोप उडालेल्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं, की गावकुसाबाहेरची माणसं कित्येक पिढ्या जागीच आहेत?

अचानक काही घडलं नव्हतं. आधीची पाच वर्षं नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात गेली होती. २ मार्च १९३० ला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मैलभर लांब मिरवणूक, रांगेत शिस्तीने चालणारी बायामाणसं, आणि पुढे मंदिराचे बंद दरवाजे. दाराशी पोलीस. देवाला भक्तांपासून संरक्षण लागतं, हे त्या दिवशी गोदाकाठाला कळलं.

मग एप्रिलमध्ये रामाचा रथ निघायचा होता. समझोता झाला, की दोन्हीकडच्या माणसांनी मिळून ओढायचा. कागदावर सगळं झकास. ऐन वेळी सनातनी मंडळींनी रथ परस्पर पळवला. मागून दगड आले. रावणाने सीता पळवली होती, यांनी साक्षात रामच पळवला.

आणि हे सगळं धर्मरक्षणासाठी, बरं का.

पुष्कळांना वाटतं, की बाबासाहेबांना मंदिरात जायचं होतं, जाऊ दिलं नाही, म्हणून ते रागावून निघून गेले. सोपी, सोयीची गोष्ट. कारण रुसलेल्या माणसाला समजावता येतं, पेढा देता येतो, परत बोलावता येतं. प्रत्यक्षात येवल्याच्या दीड वर्ष आधी, मार्च १९३४ मध्ये, त्यांनी भाऊराव गायकवाडांना पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावं किंवा देवळात शिरून ते बरोबरीचे ठरतील, म्हणून आपण ही चळवळ सुरू केली नव्हती. आपल्या माणसांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, अंगात बळ यावं, म्हणून केली होती.

म्हणजे दार रामाचं होतं, पण ठोठावून जागं करायचं होतं ते दाराबाहेरच्यांना.

ते जागे झाले. मग येवल्यात ठराव झाला, की काळारामचा सत्याग्रह आता पुरे. दार बंद ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली. ज्याला आत घ्यायचं नाही, तोच आत यायचं नाही म्हणाला, तर कुलूप सांभाळायचं कुणासाठी?

सवर्ण हिंदूंना धक्का बसला तो इथे. आपण ज्याला दूर ठेवतो त्याने आपल्यासाठी झुरत राहायला हवं, हा त्यांचा हिशेब होता. नकार द्यायचा अधिकार फक्त आपल्याकडे आहे, अशी त्यांची समजूत होती. येवल्याने तो अधिकार दुसऱ्या बाजूला नेला.

गांधीजींची प्रतिक्रिया आली. धर्म म्हणजे काही घर किंवा अंगरखा नव्हे, हवा तेव्हा बदलायला, असं ते म्हणाले. म्हणाले कुणाबद्दल? येवल्याबद्दल. विणकरांच्या गावाला अंगरख्याची उपमा! त्या गावातला कुठलाही कारागीर सांगेल, की कापड टोचतंय की नाही हे ज्याच्या अंगावर आहे त्यालाच विचारावं.

लांबून सगळंच रेशमी दिसतं.

मग गंमत सुरू झाली. मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध अशा सगळ्यांकडून तारा, पत्रं, निमंत्रणं. आमच्याकडे या, आमच्यात समता आहे. ज्याला कालपर्यंत एका देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्याच्यासाठी आता चार धर्मांची दारं सताड उघडली. माणसाची किंमत वाढली होती. माणूस तोच होता.

बाबासाहेबांनी घाई केली नाही. नागपूरला धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ ला. येवल्यानंतर बरोबर एकवीस वर्षं आणि एक दिवस. वाचन, चर्चा, तपासणी, पुन्हा वाचन. आणि आपण? सकाळी आलेला मेसेज वाचून संध्याकाळपर्यंत धर्म धोक्यात आल्याचं चौघांना कळवतो.

येवल्याच्या घोषणेचा एक छोटा परिणाम लाहोरला झाला. तिथल्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना वार्षिक परिषदेचं अध्यक्षपद दिलं होतं. भाषण आधी मागवून घेतलं, वाचलं आणि मंडळींना घाम फुटला. अमुक भाग गाळा, तमुक सौम्य करा. बाबासाहेबांनी कळवलं, की स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. मग त्यांनी १९३६ मध्ये ते भाषण स्वतः छापलं, ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या.

अध्यक्षपद गेलं, स्वल्पविराम राहिला.

आजच्या संमेलनांच्या अध्यक्षांना हे सांगून बघा. भाषणाचं सोडा, व्यासपीठावर खुर्ची मधली मिळाली नाही तर त्यांचा स्वाभिमान दुखावतो. मधल्या खुर्चीसाठी मधला परिच्छेद गाळायला मात्र तयार असतात.

स्वाभिमान आणि मानपान यांची आपण अशी काही खिचडी केली आहे, की आता डाळ कुठली आणि तांदूळ कुठला, कळत नाही. लग्नात व्याह्याला आहेर कमी पडला, झाला अपमान. पत्रिकेत नाव तिसऱ्या ओळीत गेलं, झाला अपमान. टोलनाक्यावर गाडी अडवली, ‘ओळखलं नाही का मला?’ पण त्याच माणसाच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा कप वेगळा, आणि तो कप मोरीच्या कट्ट्यावर. तिथे कुणाचा अपमान होत नाही. तिथे ‘पद्धत’ असते.

चाळीसगाव आठवा. मनमाडहून भुसावळकडे निघालं की वाटेत लागतं, येवल्यापासून काही फार लांब नाही. १९२९ ची गोष्ट. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब त्या भागात गेले होते. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी आग्रह केला, एक रात्र आमच्याकडे राहा. स्टेशनवर टांगे उभे होते. पण महार पाहुण्याला घेऊन टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना.

आता पेच बघा. पाहुणा बॅरिस्टर, कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला. त्याला पायी नेणं, यजमानांच्या मते, पाहुण्याच्या इभ्रतीला शोभेना. त्याला घेऊन टांगा हाकणं टांगेवाल्याच्या इभ्रतीला शोभेना. शेवटी तोडगा निघाला, की टांगा टांगेवाल्याचा, हाकणारा महारवाड्यातला. भाडं घ्यायला विटाळ नव्हता. हाकणाऱ्याने बिचाऱ्याने जन्मात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलापाशी घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटलं आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पाय मोडला.

या प्रकाराबद्दल बाबासाहेबांनी पुढे जे लिहिलं त्यात संतापापेक्षा कोरडं निरीक्षण जास्त आहे. माझी प्रतिष्ठा राखायच्या नादात या लोकांनी माझा जीवच धोक्यात घातला. आणि त्या दिवशी कळलं, की हलकं काम करणारा साधा टांगेवालासुद्धा स्वतःला कुठल्याही अस्पृश्यापेक्षा वरचा समजू शकतो, मग तो अस्पृश्य बॅरिस्टर का असेना.

टांगेवाल्यापाशी होतं काय? एक घोडा, एक चाबूक आणि खाली बघायला कुणीतरी. पहिल्या दोहोंवर पोट भरत होतं. मान तिसऱ्यावर चालत होता.

आपल्याकडच्या बहुतेक इभ्रती अजून याच इंधनावर चालतात. खालचा कुणी उरला नाही तर वरच्याला आपण वर आहोत हे कळायचं कसं? म्हणून तर खालचा शिकला, घोड्यावरून वरात काढली, बुलेट घेतली, मिशीला पीळ दिला, की गावात दंगा होतो. त्याने कुणाचं काही घेतलेलं नसतं. फक्त खालची जागा रिकामी केलेली असते.

तत्त्वज्ञ मंडळींनी यावर बरंच लिहून ठेवलं आहे. जर्मनीचा कान्ट १७८५ मध्ये म्हणाला, की जगातल्या गोष्टींना एकतर किंमत असते नाहीतर प्रतिष्ठा. किंमत असलेल्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवता येते. माणसाच्या जागी काहीच ठेवता येत नाही, म्हणून माणूस बाजारात बसत नाही. उत्तम. याच कान्टसाहेबांनी वंशांची उतरंडही लिहून ठेवली आणि त्यात आपल्या गोऱ्या भाऊबंदांना सगळ्यांत वर बसवलं.

उतरंड रचायची हौस फक्त आपल्यालाच आहे, असं कुणी वाईट वाटून घेऊ नये.

अमेरिकेत जॉन रॉल्स नावाच्या प्राध्यापकांनी १९७१ मध्ये जाड ग्रंथ लिहून सांगितलं, की न्याय्य समाजाने माणसाला ज्या गोष्टी द्यायच्या त्यांत आत्मसन्मान बहुधा सगळ्यात महत्त्वाचा. तो नसेल तर बाकी काही करावंसंच वाटत नाही. येवल्यातल्या दहा हजारांपैकी बहुतेकांना असला ग्रंथ वाचता आला नसता. त्यांनी तो ३६ वर्षं आधी अमलात आणला.

इस्रायलचे आविशाई मार्गालित अधिक कामाचं बोलले, १९९६ मध्ये. सभ्य समाज कुठला? ज्याच्या संस्था माणसांचा अपमान करत नाहीत तो. व्यक्ती करतील, त्या करतच असतात. प्रश्न कचेरीचा, शाळेचा, दवाखान्याचा, चौकीचा.

हे वाचलं आणि मला ती खिडकी आठवली. तुम्हालाही आठवली ना?

दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला निघतात. काठी टेकत, रिक्षातून, नातवाचा हात धरून. माणूस समोर उभा आहे, धापा टाकतोय, पण कागद नसेल तर मेला. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही जिवंत राहता येतं म्हणे. चेहरा यंत्राला पटला पाहिजे, एवढंच. सत्तरीच्या चेहऱ्याची खात्री आरशाला पटत नाही, यंत्राचं काय घेऊन बसलात!

आणि आपण अर्ज कसे लिहितो? ‘मेहेरबान साहेबांच्या सेवेशी’ इथून सुरुवात. शेवटी ‘कृपाभिलाषी’. मधे मागणी काय, तर आपल्याच सातबाऱ्याचा उतारा. स्वतःच्या जमिनीचा कागद मागताना कृपा कशाला लागते? ज्याला पगार आपण देतो त्याची मेहेरबानी मागायची, हा विनोद आपण इतक्या गंभीरपणे करतो की साहेबालाही तो खरा वाटू लागला.

संविधानाच्या प्रास्ताविकेत बंधुतेच्या सोबतीला व्यक्तीची प्रतिष्ठा बसवलेली आहे. कचेरीच्या भिंतीवर प्रास्ताविका फ्रेम करून लावलेली असते. तिच्याखालीच ‘विनाकारण गर्दी करू नये’ अशी पाटी असते. एका भिंतीवर दोन संविधानं.

आता पुन्हा येवल्यात या, पैठणीकडे. गेली काही वर्षं निवडणुका जवळ आल्या की गावोगाव ‘खेळ पैठणीचा’ रंगतो. टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’ने लोकप्रिय केलेला प्रकार पुढाऱ्यांनी उचलला. फलकावर लिहिलेलं असतं, ‘सन्मान स्त्रीशक्तीचा’. मंचावर चाळिशीतल्या बायका एका पायावर लंगडी घालतात, फुगे फोडतात, उखाणे घेतात. त्यांना मजा येते, येऊ दे. वर्षातून एक संध्याकाळ घराबाहेर मिळते, त्यावर नाक मुरडणारा मी कोण? पण सोफ्यावर पाय पसरून बघणारा पुढारी टाळ्या वाजवतो आणि म्हणतो, ‘ताईंचा सन्मान झालाच पाहिजे.’

ताईंना पंचायतीत खुर्ची मिळते तेव्हा हाच दादा ताईंच्या नवऱ्याला त्या खुर्चीवर बसवतो.

आणि ती पैठणी विणणारा? महिनोन्‌महिने मागावर बसून एकेक धागा जुळवतो, पदरावर मोर उतरवतो. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे साडीचा मान कायद्याने सुरक्षित झाला. दुकानात गिऱ्हाईक काठ उलटून बघतं, जर तपासतं, मोर मोजतं. विणणाऱ्याचं नाव विचारताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. कान्टच्या हिशेबात किंमत साडीला आणि प्रतिष्ठा माणसाला. आपण दोन्ही साडीला दिल्या.

येवल्यात आता मुक्तिभूमी आहे. मोठं स्मारक आहे. दर १३ ऑक्टोबरला लांबलांबून माणसं येतात, डबे बांधून, लेकरं कडेवर घेऊन, पांढऱ्या साड्यांत, निळ्या टोप्यांत. ती येतात, वंदन करतात, पुस्तकं विकत घेतात आणि परत जातात. या गर्दीबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्यांच्या आजोबांनी त्या मांडवात बसून भाषण ऐकलं, त्यांनी यायचं नाही तर कुणी?

तक्रार आहे ती रस्त्याच्या दुतर्फा लागलेल्या स्वागताच्या फलकांबद्दल. वर कोपऱ्यात बाबासाहेब, पासपोर्ट आकारात. खाली भाऊ, दादा, अण्णा, साहेब, हात जोडून, कमरेपासून वर. स्वागत करणारा पाहुण्यापेक्षा पाचपट मोठा. यातले कित्येकजण उरलेले ३६४ दिवस खालची जागा रिकामी होणार नाही याची काळजी घेतात.

मान द्यायला आपण तयार असतोच. मेलेल्यांना, मूर्तींना, स्मारकांना, साड्यांना. या सगळ्यांत एक सोय आहे. त्यांतलं कुणी उठून शेजारच्या खुर्चीवर बसत नाही.

पंढरपूरचं विठ्ठल मंदिर खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावले, दहा दिवस उपोषण केलं. दार उघडलं. गुरुजींच्या मनाची थोरवी शंभर टक्के मान्य. पण तोवर येवल्याला बारा वर्षं होत आली होती. उशिरा उघडलेल्या दाराला आपण क्रांती म्हणतो. तोपर्यंत ताटकळलेल्यांनी दुसरा रस्ता धरला, तर त्याला मात्र म्हणतो आततायीपणा.

बरं, उघडलेल्या दारांचं पुढे काय झालं? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की गावांतल्या वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची. समतानगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची. छान निर्णय. फक्त तारीख पुन्हा वाचा. २०२०. येवल्यानंतर ८५ वर्षांनी, संविधानानंतर सत्तर वर्षांनी राज्याच्या लक्षात आलं, की माणसाच्या पत्त्यातच त्याची जात छापलेली आहे. पोस्टमनला माहीत होतं, ग्रामसेवकाला होतं, मंत्रालयाला कागद पोहोचायला वेळ लागला.

आणि नावं बदलली म्हणजे बदलली का? कमानीवर समतानगर. चौकात पत्ता विचारा, पानवाला जुनंच नाव सांगतो, आणि ते सांगताना आवाज थोडा खाली आणतो. त्याला वाटतं, आवाज खाली आणणं म्हणजे सभ्यता.

तेव्हा एक काम करा. पुढच्या सत्काराला जाण्याआधी तुमच्या गावची मतदार यादी उघडा, वीजबिलावरचे पत्ते बघा, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर वस्तीचं नाव काय छापलंय ते वाचा. जुनं नाव सापडलं तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या. अर्जात ‘कृपाभिलाषी’ लिहू नका. आणि अर्ज देताना खुर्ची मागून घ्या.